पहिला गेमिंग पीसी: यादी मॉनिटरपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पहिल्यांदाच सुटे भाग घेऊन गेमिंग पीसी जुळवायचा आहे. यादीत आहे रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, एक्स८७०ई चिपसेटचा मदरबोर्ड, ३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर, १६ जीबीच्या चार पट्ट्या मिळून ६४ जीबी डीडीआर५ रॅम, आरटीएक्स ५०६० टायचं ८ जीबीवालं ग्राफिक्स कार्ड, २ टीबी एसएसडी आणि ‘साडेसातशे वॅटचा कुठलाही एसएमपीएस’ (म्हणजे वीज पुरवणारा डबा). मॉनिटर सध्या घरातलाच, १०८०पी आणि ६० हर्ट्झ. खेळणार काय, तर रोज व्हॅलोरंट आणि सुट्टीच्या दिवशी सायबरपंक २०७७ सारखे मोठे खेळ. आणि शेवटी विचारलंय, “हे सगळे भाग एकमेकांना चालतील ना?”

चालतील. प्रोसेसर त्या बोर्डात बसेल, रॅम बसेल, मशीन सुरूही होईल. मी नुसतं एवढंच उत्तर दिलं असतं तर तुम्ही उद्या ऑर्डर टाकली असती आणि महिन्याभरात ‘एवढा खर्च करून खेळ अडखळतो का?’ म्हणून परत विचारायला आला असतात. अडचण भाग जुळण्याची नाहीच. अडचण अशी की पैसा जिथे दिसायला हवा तिथे पोचतच नाहीये. तो बोर्डात, कूलरमध्ये आणि रॅममध्ये जिरतोय, आणि चित्र काढणाऱ्या कार्डाच्या वाट्याला उरलंसुरलं येतंय.

गेली चौदा-पंधरा वर्षं मी मशीनं जुळवतोय, आधी हौस म्हणून, मग काम म्हणून. पहिल्यांदा यादी करणारे जवळजवळ सगळे प्रोसेसरपासून सुरुवात करतात. मीही केली होती. आता कोणी यादी दाखवली की मी आधी तिच्यात नसलेली गोष्ट विचारतो: बघणार कशावर?

कारण सगळं गणित तिथून सुटतं. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० चित्रं, म्हणजे फ्रेम, दाखवतो. तुमचं मशीन व्हॅलोरंटमध्ये सेकंदाला ४०० चित्रं तयार करेल, पण डोळ्यांपर्यंत पोचतील ६०. (माउस हलवल्यापासून दिसण्यापर्यंतचा उशीर जास्त फ्रेममुळे थोडा कमी होतो हे खरं, पण तेवढ्यासाठी कोणी ९८००एक्स३डी घेत नाही.) ६० हर्ट्झला एका चित्राचा मुक्काम १६.७ मिलिसेकंद, १४४ हर्ट्झला ६.९. हा फरक नवखा माणूसही पहिल्या मिनिटात ओळखतो. मग रिझोल्यूशन. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपके, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, ४के म्हणजे ८२.९ लाख. प्रत्येक चित्रात एवढे ठिपके रंगवायचे, तेही सेकंदाला शंभरेक वेळा. कार्ड किती ताकदीचं हवं ते या दोन आकड्यांवरून ठरतं.

आता प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड यांची वाटणी नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर आहेत. एक जण रेखाटन करतो, दुसरा रंग भरतो असं समजा. कोणतं पात्र कुठे उभं आहे, गोळी कुठे लागली, गाडी कुठे वळली, कोणकोणत्या वस्तू या चित्रात दिसणार, हे सगळं प्रोसेसर ठरवतो आणि रेखाटन पुढे सरकवतो. ग्राफिक्स कार्ड त्यात रंग, सावल्या, उजेड भरतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने चित्रं बाहेर पडतात. कागद मोठा केला, म्हणजे १०८०पीचं ४के केलं, तर रेखाटणाऱ्याचं काम फारसं वाढत नाही. रंगवणाऱ्याचं मात्र चौपट होतं.

यातून एक साधी चाचणीही मिळते, जुन्या मशीनवर आजच करून बघा. एखादा खेळ चालू करा, व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या वेगाला बांधणारी सेटिंग) आणि फ्रेमची मर्यादा बंद ठेवा आणि रिझोल्यूशन एकदम खाली आणा. फ्रेम झपकन वाढल्या तर कार्ड अडत होतं. आकडा तिथेच राहिला तर प्रोसेसर अडत होता. लोक नवीन कार्ड घेऊन येतात आणि वेग वाढला नाही म्हणून नाराज होतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना या पाच मिनिटांच्या चाचणीने आधीच उत्तर मिळालं असतं.

तुमच्या यादीला हे लावू. ९८००एक्स३डी मध्ये ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आहे, रायझन ५ ९६००एक्स मध्ये ३२ एमबी. खेळाला सतत लागणारी माहिती प्रोसेसरच्या जवळच राहते, रॅमकडे खेटे कमी पडतात, म्हणून हे एक्स३डी प्रोसेसर खेळांत पुढे असतात. उत्तम चीज आहे, त्यात वाद नाही. पण सायबरपंक रे ट्रेसिंगसकट (उजेड-सावल्यांचा खराखुरा हिशेब करून) चालवताना ५०६० टाय रंग भरता भरता धापा टाकेल आणि हा रेखाटणारा पेन्सिल ठेवून वाट बघत बसेल. तिथे ९६००एक्स बसवला असता तरी पडद्यावर फरक दिसला नसता.

इथे ‘पण’ आहे, आणि तो परिस्थितीवर अवलंबून आहे. व्हॅलोरंट तुम्ही गंभीरपणे, स्पर्धेच्या तयारीने खेळणार असाल आणि २४० किंवा ३६० हर्ट्झचा मॉनिटर घेणार असाल, तर एक्स३डी ठेवा. त्या खेळात चित्र साधं असतं, कार्डाला काम कमी आणि प्रोसेसरच अडतो. शेकडो एककं एकाच वेळी हलवणारे रणनीतीचे खेळ, विमानं उडवायचे सिम्युलेटर, शहरं बांधायचे खेळ यांचंही तसंच. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून ‘रोज दोन-तीन डाव आणि सुट्टीला कथा’ असा प्रकार दिसतो. त्यासाठी मी ९६००एक्स किंवा त्याच्या आसपासचा प्रोसेसर घेईन आणि वाचलेलं सगळं कार्ड आणि मॉनिटरकडे वळवीन.

“पण मला पुढच्या पाच-सात वर्षांचं बघून घ्यायचंय,” असंही तुम्ही लिहिलंय. त्यावर माझा अनुभव सांगतो. माझ्याकडच्या एका मशीनमध्ये २०१७ सालचा रायझन ५ १६०० होता. बोर्ड मधल्या दर्जाचा, बी३५० चा. पाच-सहा वर्षांनी त्याच बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं आणि त्यात ५८००एक्स३डी बसवला, जो २०२२ साली आला. बोर्ड तोच, रॅम तीच. २०१७ मध्ये मी सगळ्यात महागडा प्रोसेसर घेतला असता तरी तो २०२२ च्या या प्रोसेसरपुढे टिकला नसता. म्हणजे ‘पुढचं बघणं’ याचा अर्थ आज सगळ्यात वरचं घेणं असा नाही. उद्या सहज बदलता येईल अशी जागा ठेवणं असा आहे. तुमची एएम५ सॉकेटची (बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेची) निवड त्या दृष्टीने बरोबर आहे. ती २०२२ मध्ये आली आणि एएमडीने २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही ती चालू ठेवायचं जाहीर केलंय. आज ९६००एक्स घ्या, काही वर्षांनी खरंच अडलं तर एक्स३डी घाला.

आता ८ जीबीच्या कार्डाबद्दल, कारण यादीतली सगळ्यात मोठी चूक तीच आहे. ५०६० टाय ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन प्रकारांत मिळतं. चिप तीच, नाव तेच, खोक्यावरचा एक आकडा वेगळा. रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटीचंही तसंच. खेळातल्या भिंती, कपडे, चेहरे यांचे पोत कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत ठेवावे लागतात. जागा संपली की कार्ड संगणकाच्या रॅमकडे हात पसरतं. ५०६० टायच्या मेमरीचा वेग सेकंदाला ४४८ जीबी आहे. बोर्डाच्या स्लॉटमधून रॅमकडे जायचा रस्ता नव्या पीसीआयई ५.० (त्या स्लॉटचं मानक) बोर्डावरही सेकंदाला साधारण ३२ जीबीचा, कारण या कार्डाला सोळापैकी आठच लेन, म्हणजे माहितीच्या वाटा, आहेत. जुन्या ३.० च्या बोर्डावर तोच रस्ता ८ जीबीवर येतो. हमरस्त्यावरून एकदम पाणंदीत शिरावं तसं.

यात फसवं असं की सरासरी फ्रेमचा आकडा कधीकधी ठीकठाकच दिसतो. ७० दिसतात, पण मधेच मान वळवली की चित्र क्षणभर थिजतं, किंवा समोरच्या भिंतीवर पोत उशिरा चढतो. म्हणून कार्डांच्या तुलना वाचताना सरासरीपेक्षा ‘एक टक्का लो’ हा आकडा बघा. तो सगळ्यात मंद फ्रेमचा हिशेब असतो आणि हाताला जाणवतं ते तेच. मोठे खेळ खेळायचे असतील तर आज नवीन कार्ड ८ जीबीचं घेऊ नका. १०८०पी वर फक्त व्हॅलोरंटसारखे हलके खेळ असते तर मी काही बोललो नसतो.

१४४०पीचा मॉनिटर घेतलात तर ५०६० टाय किंवा ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं कार्ड ही खालची पायरी. प्रोसेसर, बोर्ड, कूलर आणि रॅममधून वाचवलेल्यात आरएक्स ९०७० किंवा आरटीएक्स ५०७० टायपर्यंत पोचता आलं तर जरूर पोचा, दोन्ही १६ जीबीची आहेत. एनव्हिडिया (आरटीएक्स) की एएमडी (आरएक्स) यावर मी भांडणार नाही. रे ट्रेसिंग फार आवडत असेल, किंवा त्याच मशीनवर त्रिमिती रेंडरिंग करायचं असेल तर एनव्हिडिया. नाहीतर तुमच्या दोन-तीन खेळांचे आकडे बघून जे परवडेल ते.

डीएलएसएस आणि एफएसआर (एनव्हिडिया आणि एएमडीची चित्र मोठं करायची तंत्रं) यांचाही हिशेब धरा. क्वालिटी मोडमध्ये १४४०पीचं चित्र आत ९६०पीवर काढलं जातं आणि मग मोठं केलं जातं. हल्ली ते इतकं छान होतं की मी स्वतः ते चालूच ठेवतो. फ्रेम जनरेशन मात्र वेगळी गोष्ट. त्यात दोन खऱ्या चित्रांच्या मधे बनवलेलं चित्र घुसवतात. आकडा वाढतो, हालचाल मऊ दिसते, पण तुमच्या क्लिकला मिळणारा प्रतिसाद त्याने जलद होत नाही. मुळात ६० च्या आसपास खऱ्या फ्रेम असतील तर कथेच्या खेळात वापरा. ३० चे १२० करून दाखवणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका, आणि व्हॅलोरंटसारख्या खेळात त्याचा विचारही करू नका.

रॅम. चार पट्ट्या घेऊ नका, दोन घ्या. रायझन ९००० मालिकेसाठी एएमडीचा अधिकृत वेग दोन पट्ट्यांना ५६०० आहे आणि चार पट्ट्यांना ३६००. नशीब चांगलं असेल तर चार पट्ट्या त्याहून वर चालतात, पण पहिल्याच मशीनमध्ये नशिबावर का विसंबायचं? गेमिंगला १६ च्या दोन, म्हणजे ३२ जीबी भरपूर. व्हिडिओ संपादन करत असाल तर ३२ च्या दोन. वेग ६००० आणि सीएल३० बघा (सीएल म्हणजे माहिती द्यायला रॅम लावते त्या उशिराचा आकडा). सीएलच्या आकड्याला घाबरायचं कारण नाही: सीएलला २००० ने गुणा, वेगाने भागा, उत्तर नॅनोसेकंदात. सीएल३० ला ६००० वर १० नॅनोसेकंद. जुन्या डीडीआर४ ३२०० सीएल१६ लाही १०च. ‘डीडीआर५ चा सीएल जास्त म्हणजे ती हळू’ ही समजूत त्यावर मिटते. आणि खरेदीनंतरची सगळ्यात जास्त होणारी चूक: बायोसमध्ये जाऊन एक्सपो (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला लोक विसरतात. तोवर ६००० ची रॅम ४८०० सारख्या मूळ वेगावरच रेंगाळत राहते आणि कुणाला कळतही नाही.

मदरबोर्डाचं लवकर उरकतो. एक्स८७०ई तुम्हाला नको. बी६५० किंवा बी८५० चा, प्रोसेसरजवळच्या व्हीआरएमवर (त्याला वीज जुळवून देणाऱ्या भागांवर) बऱ्यापैकी हीटसिंक असलेला बोर्ड पुरतो. खेळात त्याने एक फ्रेमही कमी होणार नाही. बघायचं ते हे: मागे यूएसबी किती, वायफाय हवं का, एसएसडीचे एम.२ स्लॉट किती, आणि प्रोसेसर न बसवताही बायोस अपडेट करता येईल असं फ्लॅशबॅकचं बटण आहे का. बी६५० चे बोर्ड ९००० मालिकेच्या आधीचे आहेत. जुना साठा हाती लागला तर नवा प्रोसेसर ओळखला जात नाही आणि तेव्हा ते बटणच तारतं. बोर्डाची पुस्तिका घेण्याआधीच वाचा. काही बोर्डांवर दुसऱ्या एम.२ मध्ये एसएसडी घातली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन निम्म्या होतात, आणि ते बारीक अक्षरातच लिहिलेलं असतं. एसएसडीबद्दल एवढंच की चौथ्या पिढीची साधी एनव्हीएमई घ्या. पाचव्या पिढीचे आकडे खोक्यावर शोभतात, खेळ उघडायच्या वेळेत फारसे दिसत नाहीत.

कूलरचंही तसंच. ९६००एक्स ६५ वॅट टीडीपीचा (कूलरने सांभाळायच्या उष्णतेचा आकडा) आहे, त्याला चांगला एक-बुरुजी एअर कूलर पुरतो. एक्स३डी ठेवलात तरी दोन बुरुजांचा एअर कूलर निवांत सांभाळतो. लिक्विड कूलर दिसतो छान आणि तो आवडत असेल तर ती आवड म्हणून घ्या, गरज म्हणून नको. त्यात पंप असतो, आणि पंप कधीतरी बंद पडतो. एअर कूलरचा पंखा गेला तर पंखा बदलायचा, काम झालं.

आता ‘कुठलाही एसएमपीएस’ या शब्दांवर थांबतो, कारण ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. मशीनमधल्या प्रत्येक भागाला वीज याच डब्यातून जाते. तो बिघडला तर एकटा जात नाही. तुमची गरज वॅटमध्ये फार नाही: ५०६० टाय १८० वॅटचं, प्रोसेसर धरून सगळं मिळून चारशेच्या आत. चांगला ६५० चा डबा संशयास्पद ७५० पेक्षा केव्हाही बरा; कार्ड मोठं घेतलंत तर चांगला ७५०. ‘८० प्लस गोल्ड’ ही खूण विजेच्या बचतीची आहे: ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या भारावर ९० टक्के कार्यक्षमता. आत कॅपॅसिटर कसले आहेत, शॉर्ट झाल्यावर तो वेळेत बंद होतो का, याबद्दल ती खूण काहीच सांगत नाही. त्यासाठी डबा उघडून, भार टाकून केलेली परीक्षणं वाचावी लागतात. शिवाय हल्लीची कार्डं क्षणभरासाठी ठरलेल्या वॅटच्या कितीतरी वर उसळी घेतात. एसएमपीएसच्या एटीएक्स ३.० मानकात हे धरलंय. त्यात मोठ्या डब्यांना १०० मायक्रोसेकंदांपुरती दुप्पट उसळी पेलावी लागते. म्हणून नवा घेताना ३.० किंवा ३.१ बघा.

आणि माझी एक चूक ऐकून ठेवा. सुटणाऱ्या केबलींचा म्हणजे मॉड्युलर डबा बदलताना मी जुन्या डब्याच्या केबली आतच ठेवल्या, कारण त्या नीट बांधलेल्या होत्या आणि नव्या डब्यात टोकं अगदी बरोबर बसली. मशीन चालू केलं आणि दोन ड्राइव्ह एका झटक्यात गेल्या. एकीत एका गिऱ्हाइकाचे सहा वर्षांचे फोटो होते. डब्याच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी असते, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही. टोक बसलं म्हणजे केबल चालते असं नाही. डबा बदलला की केबली सगळ्या बदलायच्या.

वापरलेल्या भागांचं विचारलंत, तर ग्राफिक्स कार्ड समोर तासभर चालवून बघायला मिळत असेल तर जुनं घ्यायला हरकत नाही. प्रोसेसरही सहसा बिघडत नाहीत. एसएमपीएस जुना घेऊ नका.

कॅबिनेट निवडताना आधी तीन मापं लिहून घ्या: कार्डाची लांबी, कूलरची उंची, बोर्डाचा आकार. पुढे काचेऐवजी जाळी असलेलं घ्या, पुढून हवा आत आणि मागून-वरून बाहेर. समोर सबंध काच लावलेल्या कॅबिनेटमध्ये कार्ड तापतं, मग पंखे ओरडतात, मग तुम्ही हेडफोन लावता.

तर बदललेली यादी अशी दिसेल: १४४०पीचा, १४४ ते १८० हर्ट्झचा, फ्रीसिंक किंवा जी-सिंक (मॉनिटरचा वेग कार्डाशी जुळवणारी सोय) चालणारा मॉनिटर, १६ जीबीचं कार्ड, जेवढं वर जाता येईल तेवढं, ९६००एक्स, बी-मालिकेचा बोर्ड, १६ च्या दोन पट्ट्या, एअर कूलर, जाळीचं कॅबिनेट आणि नाव विचारून घेतलेला एसएमपीएस. माझ्या हातून होणाऱ्या मशीनमध्ये मॉनिटर सोडून उरलेल्या खर्चाचा चाळीस टक्क्यांच्या आसपास वाटा कार्डाचा असतो. मॉनिटर आत्ता घेणं अजिबात शक्य नसेल तर वेगळा मार्ग आहे: ५०६० टाय किंवा ९०६० एक्सटीचं १६ जीबी कार्ड घ्या, बाकी वरचंच ठेवा, आणि उरलेले पैसे मॉनिटरसाठी बाजूला टाका. जुन्या पडद्यावर त्याहून मोठं कार्ड लावून काही हाती लागत नाही.

भाग सगळे एकाच आठवड्यात मागवा. एक आज, एक दोन महिन्यांनी असं केलं की पहिल्याची बदलून मिळायची मुदत संपलेली असते आणि तो बिघडलेला होता हे तेव्हा कळतं. आल्यावर कॅबिनेटमध्ये भरण्याआधी बोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम एवढंच लावून चालू करून बघा. ९६००एक्सला आतलं छोटं ग्राफिक्स आहे, त्यामुळे कार्डाशिवायही चित्र येईल. एएम५ च्या पिना प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, तिथे बोट लावू नका. कूलरच्या तळाचं प्लास्टिक काढा. बोर्डाच्या वरच्या कोपऱ्यातली प्रोसेसरची आठ पिनांची केबल विसरू नका. सगळं झाल्यावर मॉनिटरची केबल कार्डात लावा, बोर्डात नाही, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडा. एक जण आठ महिने ६० वरच खेळून ‘नवीन मॉनिटरचा काही फायदा नाही’ म्हणून माझ्याकडे आला होता. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डातल्या दोन सुरक्षेच्या सोयी) चालू लागतं, तेही बायोसमध्ये एक्सपो लावतानाच बघून घ्या.

आणि पहिल्यांदा बटण दाबाल तेव्हा पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. बोर्डावरचा डीरॅम लिहिलेला छोटा दिवा पेटलेला दिसेल. घाबरून वीज बंद करू नका, पट्ट्या उपसू नका. एएम५ चे बोर्ड पहिल्या वेळी नव्या रॅमशी जुळवून घेतात आणि त्याला काही मिनिटं लागतात. घड्याळ लावून दहा मिनिटं हात मागे घेऊन बसा. तरीही काळाच राहिला तर कोणता दिवा पेटलाय ते मला लिहा, तिथून पुढे बघू.